सागरगोटा आणि गणंग

सागरगोटे ज्यांनी खेळले आहेत, त्यांच्या तळहाताला त्या बियांचा थंडगार, गुळगुळीत स्पर्श अजून आठवतो. राखाडी रंग, गोटीएवढा आकार, एकमेकांवर आपटले की दगडासारखा टणटण आवाज. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत फरशीवरचे बाकीचे गोळा करायचे आणि पडणारा वरचेवर झेलायचा. पिढ्यान्‌पिढ्या मुली हा खेळ खेळत आल्या. गोटे आजीच्या डब्यातून आईच्या डब्यात आणि तिथून नातीच्या हातात जात राहिले. इतकी वर्षं हाताळूनही सहसा कुणाच्या मनात येत नाही, की हातातली ही वस्तू दगड नाही, झोपलेलं झाड आहे.

सागरगोट्याची काटेरी वेल किनाऱ्यालगतच्या झुडपांत माजते. तिच्या शेंगेलाही काटे असतात, आणि आत एक-दोनच बिया. शेंग वाळून उकलली की बिया खाली पडतात आणि उधाणाचं पाणी त्यांना घेऊन जातं. बीच्या कवचाआड थोडी पोकळी असते, तिच्यात हवा असते, म्हणून ती बुडत नाही. कवच इतकं घट्ट की पाण्याचा थेंब आत शिरत नाही. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं बी नीट पाहिली होती. ती खरोखरच सागराची आहे.

किती दूरपर्यंतची, ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरच्या लोकांना माहीत होतं. वाऱ्यानं झोडपलेल्या त्या बेटांवर झाडंच मोजकी, पण समुद्र अधूनमधून अनोळखी बिया काठावर टाकून जाई. १६९०च्या दशकात हॅन्स स्लोन या लंडनच्या वैद्यानं ऑर्कनी बेटांवर सापडलेल्या चार प्रकारच्या ‘विचित्र शेंगबियांवर’ लेख लिहिला. काही वर्षांपूर्वी तो जमैकात राहून आला होता, त्यामुळे त्यातल्या काही बिया त्यानं ओळखल्या. त्या कॅरिबियन समुद्रातून, प्रवाहांच्या अंगाखांद्यावरून अख्खा अटलांटिक ओलांडून आल्या होत्या. अशा वाहून येणाऱ्या बियांत सागरगोटाही असे. १७०३ मध्ये मार्टिन मार्टिन यानं स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचं वर्णन छापलं, त्यात लोक अशा बिया दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात बांधत असल्याची नोंद आहे. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक किनाऱ्यांवर उगवणारी ही जात एकच. म्हणजे कोकणातल्या ओसरीवर जी खेळायला, ती हेब्रिडीजमधल्या झोपडीत ताईत म्हणून. थंडीमुळे तिथे तिचं झाड होणं शक्य नव्हतं, पण बी जिवंत पोचत होती.

झाडाला चालता येत नाही. जिथे उगवलं तिथेच जगायचं आणि तिथेच मरायचं. उभ्या आयुष्यात त्याच्या वंशाला प्रवासाची संधी एकदाच मिळते, बी असताना. हा प्रवास दोन दिशांनी होतो. एक जमिनीवरून, पाण्यावरून, हवेतून, म्हणजे जागेतला. दुसरा काळातला. जिथे पडलं तिथे पडून राहायचं, आणि उगवण्याजोगा दिवस येईपर्यंत थांबायचं. पहिला प्रवास डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. दुसरा कुणाला दिसत नाही, पण तोही तितकाच अवघड असतो. सागरगोटा हे दोन्ही प्रवास एकाच कवचात करतो.

मुळात आईपासून दूर जायचंच कशाला? जुलैत एखाद्या रायवळ आंब्याखाली उभं राहिलं तर कळतं. कोयींमधून तांबूस, लुसलुशीत पानांची शेकडो रोपं वर आलेली असतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पाहावं, तर बहुतेक गेलेली. सावली आहे, मुळांची गर्दी आहे, आणि मोठ्या झाडावर जगणारी कीड व बुरशी खालच्या कोवळ्या रोपांवर सहज उतरते. १९७० मध्ये डॅनियल जॅन्झेन आणि १९७१ मध्ये जोसेफ कॉनेल यांनी स्वतंत्रपणे हाच विचार मांडला, की उष्ण कटिबंधातल्या जंगलात आईच्या पायाशी मूल वाढणं कठीण आणि दूर गेलेल्याला संधी जास्त. एकाच एकरात इतक्या निरनिराळ्या जातींची झाडं का सापडतात, याचं एक उत्तर या कल्पनेतून मिळतं. आपल्याच जातीच्या शेजारी राहणं झाडाला परवडत नाही.

चार्ल्स डार्विनला वेगळाच प्रश्न पडला होता. समुद्रानं वेढलेल्या बेटांवर झाडं पोचली कशी? १८५५ मध्ये त्यानं घरातच बरण्यांत खारं पाणी भरून त्यात बिया भिजत घातल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याला वाटत होतं, बिया लगेच मरतील. डार्विनची मुलं या प्रयोगात इतकी रंगली, की बाबा हूकरांना हरवणार का, असं सारखं विचारत. बाबा जिंकले. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजले, काही तर १३७ दिवसांनंतरही. पण मग त्याच्या ध्यानात आलं की जिवंत राहणं एक आणि तरंगणं दुसरं. बऱ्याच बिया काही दिवसांत तळाला जात होत्या. तो थांबला नाही. फळांसकट फांद्या वाळवून पाण्यात टाकल्या, तेव्हा ९४ वनस्पतींपैकी १८ वनस्पती २८ दिवसांहून जास्त तरंगल्या. पुढे त्यानं एका तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल आणला आणि अभ्यासिकेत झाकून ठेवला. सहा महिने उगवणारं प्रत्येक रोप उपटून मोजलं. एका कपात मावणाऱ्या त्या चिखलातून ५३७ रोपं निघाली! पाणपक्ष्याच्या पायाला चिकटून किती जंगल उडत जात असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

निसर्गानं हाच प्रयोग १८८३ मध्ये करून दाखवला. सुमात्रा आणि जावा यांच्या मधल्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि उरलेला भाग तप्त राखेखाली गाडला गेला. पुढच्या मे महिन्यात तिथे उतरलेल्या शोधपथकाला जिवंत म्हणून एक कोळी तेवढा दिसला. १८८६ मध्ये ट्रॉइब हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ गेला, तेव्हा वाऱ्यावर आलेल्या बीजाणूंतून नेचे उगवलेले होते आणि वाळूत समुद्रानं आणून टाकलेल्या किनाऱ्याच्या वनस्पती. पुढच्या काही दशकांत पक्षी आणि वटवाघळं येऊ लागली, तशी त्यांच्या विष्ठेतून उंबर-वडाच्या कुळातली झाडं आली, आणि फळांच्या ओढीनं आणखी पक्षी. आधी वारा आणि पाणी, मग पंख, असा तो क्रम होता.

खाडीत मात्र पाण्याचा प्रवास अगदी निराळ्या रीतीनं चालतो. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. फळातून हिरवी, लांबट शेंगेसारखी दिसणारी वस्तू फूटभराहून जास्त लोंबत राहते. ती शेंग नसते, रोपच असतं. बी म्हणून सुटं होण्याची पायरीच त्यानं गाळलेली असते. ते गळून चिखलात उभं रुतलं तर तिथेच मूळ धरतं. भरतीच्या पाण्यात पडलं तर आडवं तरंगत जातं. काही दिवसांनी त्याचं खालचं टोक जड होतं, ते उभं होतं आणि उथळ पाण्यात तळाला टेकतं. खारवट चिखलात कोरड्या बीनं पहिल्यापासून रुजायचं म्हणजे मोठी जोखीम. कांदळाची आई ते काम आपल्या अंगावर घेते. सागरगोटा वर्षानुवर्षं थांबू शकतो, कांदळ थांबतच नाही. दोन्ही एकाच कोकणातले.

घाटावर वाऱ्याचा मोसम फेब्रुवारीपासून मेपर्यंत. पानं झडलेली असतात, वाट मोकळी असते, आणि पावसाला दोन-तीन महिने उरलेले असतात. काटेसावरीची बोंडं उकलून कापूस उडू लागतो. रुईची ‘म्हातारी’ अंगणात येते आणि मुलं तिच्यामागे धावतात. वावळीच्या पापुद्र्यासारख्या चकत्यांचा रस्त्यावर खच पडतो. टेटूच्या तलवारीसारख्या शेंगेतून सुटणारं बी तर टिशू-कागदाच्या तुकड्यासारखं पारदर्शक असतं, आणि हवेत सरळ पडत नाही, हेलकावे घेत तरंगतं. जावाच्या जंगलात भोपळ्याच्या कुळातली एक वेल आहे, अल्सोमित्रा. तिच्या बीचा पंख हातभर वाटेल इतका मोठा नाही, पाच-सहा बोटांएवढाच, पण त्याचा आकार इतका स्थिर की ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिखनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावरून आपलं पहिलं ग्लायडर बांधलं.

म्हातारीसारखी केसाळ छत्री हवेत इतका वेळ कशी टिकते, हे अगदी अलीकडे समजलं. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये थंड देशातल्या डँडेलियनच्या बीभोवती हवा कशी वाहते ते पाहिलं. छत्रीत सुमारे शंभर केस असतात आणि बाकी सगळी मोकळी जागा. त्या फटींतून थोडी हवा वर जाते आणि छत्रीच्या डोक्यावर हवेचं एक सुटं, फिरतं कडं तयार होतं. ते कडं छत्रीला चिकटलेलं नसतं, तरी तिच्या सोबत राहतं आणि बीला वर धरून ठेवतं. कापड भरून टाकलं असतं, तर हे जमलं नसतं. फटी आहेत म्हणून ती उडते.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना मात्र सगळ्यात जास्त भेटतं ते कुसळ. म्हणीतलं, दुसऱ्याच्या डोळ्यात दिसणारं, तेच. डोंगरउतारावरचं कुसळी गवत वाळलं की त्याची बी कपड्यात, मेंढ्यांच्या लोकरीत, जनावरांच्या तोंडात रुतते. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले राठ केस, म्हणजे आत गेलं की बाहेर यायचं नाव नाही. मागे लांब, काळसर, पिळलेला तंतू. मेंढपाळाला तो त्रासदायक, पण खरी करामत बी जमिनीवर पडल्यावर दिसते. हा तंतू ओलावा ओळखतो. रात्रीच्या दवानं त्याचा पीळ सुटतो, दुपारच्या उन्हात पुन्हा बसतो. टोक मातीच्या भेगेत अडकलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक फिरण्याबरोबर बी गिरमिटासारखी थोडी खाली जाते. तो तंतू मेलेला, वाळका असतो. त्याला चालवणारं इंधन म्हणजे रात्र आणि दिवस यांच्यातला ओलाव्याचा फरक, बस. वणवा लागला तर वरचं गवत जळून जातं, आणि खाली गेलेली बी वाचते.

कारवीची गोष्ट वेळेची आहे. सात वर्षं वाढायचं, एकदाच फुलायचं आणि मरायचं. मुंबईच्या बोरिवलीतल्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये ती फुलली, तेव्हा डोंगरउतार निळे-जांभळे झाले आणि शहर पाहायला लोटलं. फुलांचा बहर ओसरला की बघणारे परततात. पण त्यानंतर जे घडतं ते जास्त मोलाचं आहे. बोंडं वाळतात आणि झाडावरच राहतात. हिवाळा जातो, उन्हाळा जातो. मग पहिला पाऊस पडतो, वाळलेली बोंडं ओलावा शोषतात आणि फटाफट फुटू लागतात. अख्खा उतार तडतडतो. बिया ओल्या मातीवर उडतात आणि काही दिवसांत रुजतात. जूनमधल्या त्या ओल्या आठवड्यात डोंगरात कुणी जात नाही, म्हणून हा आवाज फार थोड्यांनी ऐकलेला आहे. कातकरी आणि ठाकर घरांना तो ठाऊक असतो. ज्यांच्या कुडाच्या भिंती कारवीच्याच असतात, त्यांना कारवी कधी जन्मते आणि कधी मरते हे माहीत असावंच लागतं.

वारा फुकट मिळतो, प्राण्याला मजुरी द्यावी लागते. ती मजुरी म्हणजे फळाचा गर. एरंडाच्या बीच्या टोकाला पांढरट गाठ असते, ती मुंग्यांसाठी. त्या बी ओढून वारुळापाशी नेतात, गाठ खातात आणि बी टाकून देतात. पण या व्यवहाराचा सगळ्यात नेमका नमुना झाडांच्या फांद्यांवरच सापडतो, बांडगुळात. बांडगूळ दुसऱ्या झाडातून पाणी घेऊन जगतं, त्यामुळे त्याचं बी जमिनीवर पडून उपयोग नाही, ते फांदीवरच पोचलं पाहिजे. सालिम अली यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या बांडगुळांवर लेख लिहिला. त्यात त्यांची नळीसारखी फुलं आणि फळं कोणते पक्षी हाताळतात याची बारीक निरीक्षणं आहेत. शिंजीर मधासाठी येतो आणि परागीकरण करतो. अंगठ्याएवढा फुलटोच्या फळ गिळतो. फळातलं बी चिकट द्रवात गुंडाळलेलं असतं आणि थोड्या वेळातच पक्ष्याच्या पोटातून बाहेर येतं, तरीही चिकटच. ते सुटावं म्हणून पक्षी फांदीवर बूड घासतो, आणि बी नेमकं तिथे चिकटतं जिथे त्याला रुजायचं असतं. आमराईच्या मालकाला बांडगूळ नको असतं, ते तोडणं त्याचं कामच आहे. तरी बी, पक्षी आणि फांदी यांची ही जुळणी पाहून थक्क व्हायला होतं.

मोठ्या बियांना मोठे घसे लागतात. रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची टपोरी बी लहान पक्षी गिळूच शकत नाहीत. ते काम धनेशाचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या आंब्या-बेहड्याच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते, दाराला चिखल-विष्ठेचा लिंपा, मधे चोच जाईल एवढी फट. नर महिनोन्‌महिने फळं आणून भरवत राहतो, मोठ्या बिया ओकून टाकतो, आणि बाकीच्या रानभर पेरत जातो. ढोल असलेलं जुनं झाड तोडलं की धनेशाचं घर जातं. घर गेलं की काही काळानं ज्या झाडांच्या बिया फक्त तोच नेत होता, ती झाडं म्हातारी होत जातात आणि खाली पोरं दिसत नाहीत. देवरायांतल्या जुन्या झाडांना हात न लावण्याची रीत त्यामुळेच फार मोलाची आहे. ती रीत पाळणाऱ्यांना धनेशाचं हे काम माहीत असो वा नसो.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण या विषयावरच्या पुस्तकांत एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. मॉरिशस बेटावरचा डोडो पक्षी सतराव्या शतकात संपला. १९७७ मध्ये स्टॅन्ले टेंपल यानं मांडलं की तिथलं तांबालाकोक नावाचं झाड डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजू शकत नव्हतं, म्हणून तीनशे वर्षांत त्याचं एकही नवं रोप आलं नाही. त्यानं टर्कींना ती फळं खाऊ घातली आणि तीन बिया रुजल्या. गोष्ट इतकी सुंदर की जगभर पसरली. पण पुढे दिसलं, की पोटातून न जाताही काही बिया रुजतात आणि तीनशे वर्षांहून तरुण झाडंही बेटावर आहेत. माकडं, डुकरं, तोडलेलं जंगल अशी कारणंही त्या झाडाच्या वाईट दिवसांमागे होती. निसर्गातली नाती सहसा एका जोडीची नसतात, पुष्कळांची असतात. म्हणूनच ती तुटताना लगेच कळत नाहीत.

आता दुसरा प्रवास, काळातला.

१८७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या शेतकी महाविद्यालयात विल्यम बील या प्राध्यापकानं वीस बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत ओलसर वाळूत मिसळून २१ जातींच्या पन्नास-पन्नास बिया भरल्या आणि तोंडं उघडी ठेवून, पाणी साचू नये म्हणून तिरक्या-उलट्या पुरल्या. शेतकरी इतकी वर्षं तण काढतो, तरी ते संपत कसं नाही, हा त्याचा प्रश्न होता. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची ठरली. पुढे अंतर दहा वर्षांचं झालं, मग वीस. जागेचा नकाशा एका पिढीतल्या संशोधकांकडून पुढच्या पिढीकडे जात राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात, बियांना उजेड लागू नये म्हणून हिरवा दिवा लावून, पुढची बाटली काढली गेली. १४१ वर्षं मातीत राहिलेल्या बियांपैकी व्हर्बॅस्कम या रानफुलाच्या बिया रुजल्या. पुढची बाटली २०४० मध्ये निघेल, आणि शेवटची २१०० मध्ये. ती काढणारा माणूस अजून जन्मलाही नसेल.

उजेडाची एवढी काळजी का? कारण मातीतली बारीक बी उजेडाकडे लक्ष ठेवून असते. तिच्या पोटात शिदोरी तुटपुंजी असते. तळाशी रुजली तर वर येण्याआधीच ती संपेल. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या शेतकी प्रयोगशाळेत बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलडच्या पाल्याच्या, म्हणजे लेट्यूसच्या बियांवर लाल प्रकाशाचा झोत टाकला, त्या रुजल्या. लगेच मागून गडद, जवळजवळ न दिसणाऱ्या लाल रंगाचा झोत टाकला, तर रुजल्या नाहीत. उलटसुलट कितीही वेळा करा, शेवटचा झोत कोणता यावर सगळं ठरे. बीमध्ये असलेलं एक रंगद्रव्य या दोन प्रकाशांना ओळखतं. पानांच्या दाट छताखाली पहिला लाल प्रकाश पानं शोषून घेतात आणि गडद लाल तेवढा खाली झिरपतो. म्हणजे बीला कळतं, वर कुणीतरी आधीच उभं आहे, थांबावं. झाड पडलं, छत फाटलं, सरळ ऊन आलं, की थांबलेल्या बिया एकदम उठतात. शेतात नांगर फिरला की तळातल्या बिया वर येतात, आणि पहिल्या पावसानंतर बांधापासून बांधापर्यंत तण पसरतं, ते बरंचसं यामुळेच.

सगळ्यांनाच थांबता येत नाही. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी वाळली की मेली. त्यांची फळं मे-जूनमध्ये पिकतात, म्हणजे पडल्या पडल्या पाऊस मिळावा. शिदोरी भरपूर, पण वेळ कमी. म्हणून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जिथे २००८ पासून जगभरच्या पिकांच्या बिया उणे १८ अंशांत साठवल्या जातात, तिथे आंब्याची कोय ठेवता येत नाही. आंबा जपायचा तर झाड म्हणूनच जपावा लागतो, आमराईत.

उलट टोकाला खजूर आहे. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याचं उत्खनन १९६०च्या दशकात झालं, तिथे खजुराच्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या बिया मिळाल्या. त्या कित्येक वर्षं कपाटात होत्या. २००५ मध्ये सारा सॅलन यांच्या पुढाकारानं एलेन सोलोवे यांनी त्यातल्या काही पेरल्या आणि एक रुजली. रोपाला मेथुसेला असं नाव दिलं. ते नर निघालं. पुढे यहुदी वाळवंटातल्या इतर प्राचीन बियांतून आणखी रोपं आली, त्यात मादी होत्या, आणि २०२० मध्ये त्यांच्यापैकी ‘हॅना’ला मेथुसेलाच्या परागांनी १११ खजूर लागले. दोन हजार वर्षांपूर्वीचे आई-बाप, आणि ताजं फळ.

हे सगळं महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात दर आठवड्याला घडतं, फक्त लहान प्रमाणात. रात्री मटकी भिजत घालतात, सकाळी निथळून फडक्यात बांधतात. दाणे फुगतात ते निव्वळ पाणी शोषून, मेलेली बीसुद्धा फुगते. पण काही तासांत आत श्वसन सुरू होतं. पुरचुंडी हाताला कोमट लागते, ती उष्णता त्याचीच. मग मोड येतो. मोड म्हणजे मूळ. आधी तेच येतं, कारण पाण्याची सोय पक्की झाल्याशिवाय वर डोकं काढणं धोक्याचं. मुळाच्या टोकाला पिष्टाचे जड कण असतात, ते पेशीत खालच्या बाजूला घरंगळतात आणि मुळाला जमीन कुठे आहे ते सांगतात. मटकीची दोन दलं म्हणजे रोपाची शिदोरी. नाचणी-ज्वारीत ती वेगळ्या कोठारात असते. कोंब जागा झाला की निरोप पाठवतो, कोठाराच्या भिंतीतून विकर सुटतात आणि पिठाची साखर करतात. मोड आणून, वाळवून, दळून केलेलं नाचणीचं सत्त्व बाळाला गोडसर लागतं आणि पचतं, ते याच कारणानं.

आणि त्या फडक्यात चार-दोन दाणे तसेच राहतात, कोरडे, टणक. त्यांना गणंग म्हणतात. दाताखाली आला तर दात दुखतो, म्हणून ते निवडून टाकायचे. पण हा बिघडलेला दाणा नव्हे. त्याच्या कवचातून पाणी आत जात नाही एवढंच. सागरगोटा ज्या कुळातला, मटकी त्याच मोठ्या शेंगवर्गीय कुळातली, आणि कवच बंद ठेवून थांबण्याची ती जुनी युक्ती गणंगात शिल्लक राहिलेली आहे. रानातल्या कडधान्यात बहुतेक दाणे असेच असतात. कुणी या वर्षी उगवतं, कुणी पुढच्या, कुणी दहा वर्षांनी. पावसानं एखाद्या वर्षी दगा दिला तरी वंश संपत नाही.

शेतकऱ्याला हे परवडणारं नव्हतं. पेरलं ते सगळं एकदम उगवायला हवं. दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात, आणि पुढे जगात ठिकठिकाणी, माणसानं कळत-नकळत निवड केली. जे दाणे लगेच उगवले तेच पुढच्या वर्षी पेरायला आले. जे कणसातून गळाले ते रानातच राहिले, जे कणसाला धरून राहिले ते घरी आले आणि पुन्हा पेरले गेले. हे वर्षानुवर्षं घडत गेलं, आणि धान्याकडून जाणं आणि थांबणं या दोन्ही गोष्टी निघून गेल्या. भातात दाणे गळण्याशी निगडित एका जनुकात एकाच अक्षराचा बदल झाला आणि लोंबीचे दाणे घट्ट राहिले, हे संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. एवढ्याशा बदलावर भात खाणाऱ्या माणसांचं पोट उभं आहे.

देवभात अजून जुन्या रीतीनं जगतं. तळ्याच्या काठच्या पाणथळीत आपोआप उगवणारं हे रानटी भात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून काही घरांत त्या दिवशी ते शिजतं. ते गोळा करणाऱ्या बायांना ठाऊक असतं की दाणे पिकायची वाट पाहत बसलं तर हाती काही लागत नाही. लोंबीला हात लागताच ते चिखलात गळतात, आणि लांब कुसासकट तिथेच रुततात.

शेतातलं पीक मात्र माणसावर अवलंबून आहे. वेळेवर काढलं नाही तर त्याला आता थांबता येत नाही. उपट्या भुईमुगाची शेंग काढणीआधी पाऊस झाला तर मातीतच रुजते, कारण त्या वाणांत थांबण्याचा गुण नाही. पसऱ्या जातींत तो आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या पावसानं आणि अवकाळीनं महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काढणीला आलेली पिकं दिवसेंदिवस भिजत राहिली. सोयाबीनच्या शेंगा झाडावरच हिरव्या झाल्या, बाजरीच्या कणसांना कोंब फुटले, मक्याच्या दाण्यांतून मुळं बाहेर आली. शेतकरी कणीस हातात धरून दाखवत होते, वरून गवतासारखं हिरवं. बीला पाणी मिळालं, ऊब मिळाली, आणि हजारो वर्षांत तिला जे शिकवलं गेलं होतं तेच तिनं केलं. त्याच आठवड्यांत, त्याच पावसात, शेजारच्या ओहोळाकाठी गळलेले देवभाताचे दाणे चिखलात पडून होते. ते उगवले नाहीत. पुढच्या जूनला ते वर आले.